ग्रेडर काकाजींची डाक

शेषराव गावंडे ईमेल वाचत नसत, चाचपून बघत. माझ्या संगणकासमोर बसले की आधी धोतराच्या सोग्याला हात पुसायचे. मग मी पडद्यावर मजकूर उघडला की दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जवळ आणायचे, हवेत काहीतरी चिमटीत धरायचे आणि अलगद दोन्हीकडे ओढायचे. पडद्याला बोट लावत नसत. त्यांच्या मते ती नुसती काच होती आणि काचेत काय कळणार. मी इंग्रजी मजकूर मराठीत करून सांगत असे आणि तेवढा वेळ त्यांची बोटं हवेतल्या हवेत ओढत असत. मजकूर संपला की निकाल लागे. "कवडी." पुढचा मेल. "हे फेअर हाय, पन माल भिजवला हाय." पुढचा. सहा-आठ महिन्यांतून एखाद्या मेलला डोळे बारीक करून म्हणत, "धागा हाय याले."

सगळं दारव्हा गाव त्यांना ग्रेडर काकाजी म्हणायचं. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं ग्रेडर म्हणून काढली होती. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिच्यातून मूठभर कापूस काढायचा, सरकी बाजूला करून रुईचा पुंजका दोन चिमट्यांत ओढायचा, धागा किती लांब आणि किती बळकट हे बोटांनी ओळखायचं आणि मालाची प्रत ठरवायची. चांगला माल फेअर. किडका, पिवळा, अर्धवट उमललेल्या बोंडांचा माल म्हणजे कवडी, सगळ्यात खालची प्रत. काकाजी निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. पुतणीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडलांच्या खांद्यावरचं उपरणं चिमटीत धरून पाहिलं आणि सगळ्यांसमक्ष "मध्यम" म्हणाले. लग्न झालं, पण व्याही अजून त्यांच्याशी मोजकंच बोलतात.

माझं नेट कॅफे बसस्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बी-बियाण्याच्या एका दुकानाच्या माडीवर होतं. चार संगणक, त्यातला एक कायम रुसलेला. आमचं घर तीन पिढ्या कचेरीत खुर्ची उबवणाऱ्यांचं. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून हा उद्योग मांडला म्हणून वडील माझ्याशी बोलत नव्हते, आणि काकाजी मला "इंजिनेर" म्हणून हाक मारत. ते मुद्दाम म्हणतात की भोळेपणाने, हे मला कधीच ठरवता आलं नाही. पण दर वेळी लागायचं.

कापसाचे वाईट दिवस होते ते. जीपमधून कॅमेरे घेतलेली माणसं उतरायची, खेड्यांत, ज्या घरच्या शेतकऱ्याने जीव दिला तिथे, जाऊन यायची आणि संध्याकाळी माझ्या माडीवर बसून आपापल्या पेपरांना बातम्या पाठवायची. त्यांच्यामुळे माझे संगणक चालू राहिले, हे आज सांगताना बरं वाटत नाही. गावातल्या लोकांनी मात्र कापूस हा शब्दच बोलायचा सोडला होता. चहाच्या टपरीवर क्रिकेट, निवडणूक, कोणाची सोयरीक, सगळं निघायचं. कापसाचं नाव निघालं की माणसं उठून जायची. काकाजींच्या थोरल्या मुलाने सगळ्या वावरात सोयाबीन पेरलं, बापाच्या हट्टाखातर दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ठेवली आणि घरात सांगून टाकलं की जेवताना कापसाची गोष्ट काढायची नाही. जो जन्मभर दुसरं काही बोललाच नाही, त्याने जेवताना काय बोलावं? काकाजी मुकाट जेवू लागले.

त्या दोन एकरांवर लाल्या आला. पऱ्हाटीची हिरवी पानं लाल पडत जातात आणि झाड आतून बसतं, तो रोग. त्याच सुमारास शेतीच्या कुठल्याशा मेळाव्यात एका तज्ज्ञाने फळ्यावर आपला ईमेलचा पत्ता लिहून शंका कळवायला सांगितलं. काकाजी तो पत्ता विडीच्या बंडलाच्या कागदावर उतरवून माझा जिना चढून आले. "इंजिनेर, एक चिठ्ठी धाडाची हाय. लाल्यावर." मी त्यांचं खातं उघडून दिलं, चिठ्ठी पाठवली, आणि शहाणपणा म्हणून एका परदेशी बियाण्याच्या साइटवरही त्यांचा पत्ता नोंदवून ठेवला. तज्ज्ञाचं उत्तर कधीच आलं नाही. पण पंधरा दिवसांत त्या खात्यात साठेक मेल येऊन पडले होते. गोळ्या, लॉटऱ्या, घड्याळं, घरबसल्या पदव्या. काकाजी बराच वेळ ती यादी पाहत राहिले. "ज्याले पुसलं तो बोलत नाही," ते म्हणाले, "आनि ज्यायले पुसलं नाही ते समदे बोलून राह्यले."

मी म्हटलं, "काकाजी, हा सगळा कचरा आहे. न वाचताच पुसून टाकायचा असतो."

त्यांना ते फार लागलं. "न पाह्यता? बंडी न पाह्यता वापस लावते काय कोनी?"

तिथून सुरुवात झाली. केंद्रावर त्यांचे दोन नियम होते. माल नापास केला तर गाडीवाल्याला तोंडावर कारण सांगायचं, आणि परत लावायच्या आधी त्याला पाणी पाजायचं. कारण तो वीस-पंचवीस किलोमीटर बैल हाकून आलेला असतो आणि तेवढंच अंतर त्याला रिकाम्या मनाने परत कापायचं असतं. काकाजींनी हेच नियम ईमेलला लावले. पाणी पाजता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला "तुम्ही एवढ्या लांबून लिहिलं, दमला असाल," हे वाक्य घालायचं ठरलं. ते मला इंग्रजीत कधीच नीट जमलं नाही.

लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्याला त्यांनी सांगितलं की मी तिकीट काढलेलं नाही, तेव्हा हे दुसऱ्याचं गाठोडं माझ्याकडे आलंय, तो बिचारा कुठं शोधत असेल, त्याला नेऊन द्या. पुढे आठवडाभर तो खरा विजेता सापडला का म्हणून मला विचारत होते. पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्याला लिहिलं, "माल चांगला असेल, मी नावं ठेवत नाही. पण माझं वय सदुसष्ट आहे आणि घरात नातवंडं आहेत. गिऱ्हाईक चुकलं." एका बँकेच्या नावाने मेल आला की चोवीस तासांत पासवर्ड कळवा, नाहीतर खातं बंद. त्या बँकेत काकाजींचं खातं नव्हतंच. पण त्यांनी बोटं ओढली आणि मान हलवली. "घाई करून राह्यला. केंद्रावर जो मानूस 'लवकर करा साहेब, लवकर करा' म्हने, त्याच्या बंडीत बुडाशी ओला माल राहे. वजन वाढवाले पानी मारते लेकाचे. घाई करनाऱ्याच्या बुडाशी हात घालाचा."

ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. एके दिवशी शाळेचे एक मास्तर घामाघूम होऊन आले, संध्याकाळपर्यंत पासवर्ड कळवायचाय म्हणाले, भिंतीवरचं वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले. मग उठून नुसताच चहा पिऊन गेले. संगणकाच्या सुरक्षेवर मी पुढे बरीच पुस्तकं चाळली. इतकं उपयोगी वाक्य मला त्यांत आढळलं नाही.

व्हायरसला ते अळी म्हणत. मी अँटिव्हायरस टाकला की विचारत, "फवारनी झाली काय?" झाली म्हटलं तर म्हणत, "पयल्या साली मरते. दुसऱ्या साली अळीले सवय होते. तिसऱ्या साली ते त्याच्यावरच जगते." आणि तसंच व्हायचं. तिसऱ्या महिन्यात माझा रुसलेला संगणक पुरता बसला तेव्हा ते थोडा वेळ त्याच्याजवळ उभे राहिले. मग त्याच्यावर आपला पंचा टाकून घरी गेले.

दुपारी दोनच्या सुमाराला ते येत आणि बहुतेक वेळा त्यानंतर थोड्याच वेळात वीज जाई. पंखा घरघरत थांबायचा, पडदे काळे व्हायचे आणि रस्त्यावरचा आवाजही कसा कोण जाणे कमी होऊन जायचा. हंगामात खालून कापसाच्या गाड्या गेल्या की तंतू उडत उडत खिडकीतून आत यायचे आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचे. गिऱ्हाइकं निघून जात. काकाजी बसून राहत. मलाही त्यांना उठवावंसं वाटत नसे. एरवी मी चिडका माणूस आहे, पण त्या अंधाऱ्या-उजेड्या दुपारी माझा राग कुठे जायचा ते मला कळत नसे. ते हलक्या आवाजात एकेका मेलवाल्याचा विचार करत. गोळ्यावाला कुठं बसून लिहीत असेल? त्याच्याकडेही लाइट जाते का? त्याची बायको त्याला विचारते का, दिवसभर कोणाला एवढं लिहिता? मी हं हं करत असे आणि माझे डोळे मिटत. अर्धवट झोपेत मला दिसायचं की जगातले सगळे फसवे लोक रांगेत बंड्या लावून बसलेत आणि काकाजी तांब्या घेऊन एकेकाला पाणी देत चाललेत.

अशाच एका दुपारी, वीज परत आल्यावर, त्या बाईचा मेल आला.

ती आफ्रिकेतल्या एका देशातली विधवा होती. नवरा वारला होता. त्याने बँकेत पेट्या ठेवल्या होत्या, त्यांत अफाट संपत्ती होती आणि ती बाहेर काढायला तिला एका सज्जन परक्या माणसाची मदत हवी होती. असे मेल मी शेकड्यांनी पाहिले होते. मी भरभर सांगत होतो आणि काकाजींची बोटं सवयीने ओढत होती. "कवडी, कवडी," ते म्हणत होते. आणि मी वाचलं, "माझे दिवंगत पती कापसाचे मोठे व्यापारी होते."

बोटं थांबली.

"कापसाचे?"

"तसं लिहिलंय. खोटं असतं ते, काकाजी."

"लिह," काकाजी म्हणाले. "बाई, तुमच्यावर दुःख आलं, वाईट वाटलं. पेट्यायचं नंतर पाहू. पयले सांगा, तुमच्याकडं कापूस कोन्ता? धागा किती लांब? येचनी बाया करतेत का मशीन? आनि लाल्या येते काय?"

उत्तर आलं. पेट्या, बँक, सज्जन माणूस. काकाजींनी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा पेट्या. तिसऱ्यांदा त्यांनी लिहायला लावलं की बाई, तुम्ही कापसाच्या घरातल्या, आणि कापसाचं एक अक्षर लिहीत नाही, हे बरं दिसत नाही. चौथा मेल आखूड होता. त्यात पेट्या अगदी शेवटी आल्या होत्या. आधी लिहिलं होतं, "साहेब, इथंही कापूस हातानेच वेचतात. माझे वडील पिकवतात. यंदा भाव नाही. पानं कडेने लाल होत आहेत." मी सांगत होतो आणि काकाजींचे हात हळूहळू एकमेकांपासून लांब जात होते. इतका लांब धागा त्यांनी माझ्यासमोर कधी ओढला नव्हता.

त्यानंतर त्यांना जगात दुसरं काही सुचेना. लाल्या कडेने आलाय की मधून, हे विचारा. कडेने वळलेली पानं असली तर खाली तुडतुडे किडे बघा. नुसतीच लाल असली तर जमीन भुकेली आहे. थंडी केव्हा पडते? उत्तरं येत. वडलांना विचारून सांगते, असं ती बाई लिही, आणि दोन दिवसांनी खरंच विचारून सांगे. जमिनीचा रंग, पावसाची तऱ्हा, पहिली वेचणी कोणत्या महिन्यात. मेलाच्या शेवटी पेट्यांची एक ओळ असायचीच. काकाजी ती ओळ ऐकून घेत आणि तिच्याबद्दल काही बोलत नसत.

वीज गेली की ते आता त्या गावाला जात. "तिकडं आता सकाळ हाय," खिडकीतल्या तंतूंकडे बघत म्हणत. "आपलं जेवन झालं, त्यायचं दव सुकून राह्यलं असन. बाया वावरात उतरल्या असतीन. पांढरं झालं असन समदं." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी घरात, देवळात, लग्नात कुठंही पाहिलं नाही. त्या माणसाला मी आनंदात पाहिलं ते फक्त माझ्या माडीवर, एका फसवणाऱ्या बाईमुळे, आणि मला त्याचीच काळजी वाटू लागली होती.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. ग्रेडर काकाजी परदेशातल्या विधवेला चिठ्ठ्या लिहितात. एका दुपारी काकाजींच्या पत्नी, आमच्या काकू, स्वतः जिना चढून आल्या, रुसलेल्या संगणकाच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव ते बाई कोन हाय ते." मी पाच-सहा मेल सांगितले. तुडतुडे, खत, पहिली वेचणी, दुसरी वेचणी. काकू उठल्या. "जे चाळीस साल मी आयकलं ते आता हे आयकून राह्यली," म्हणाल्या. "आयको बिचारी." आणि निवांत मनाने बाजारात गेल्या.

मी मात्र निवांत नव्हतो. एका मेलात त्या बाईने "माझी बायको" असं लिहिलं होतं. मी काकाजींना म्हटलं, "ही बाई स्वतःची बायको म्हणते, काकाजी. हा बाप्या आहे, आणि लबाड आहे."

"असन," ते म्हणाले. "परदेस हाय."

आता या भोळ्या माणसाला काय सांगावं? पुढच्या मेलात पेट्यांची ओळ वाढून परिच्छेद झाली होती. खात्याचा नंबर पाठवा, पासबुकाची प्रत पाठवा. काकाजी उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते कापडी पिशवी घेऊन. वीज नव्हती. पिशवीतून रबर लावलेलं पासबुक डोकावत होतं.

"उद्या हे स्कॅन करजो, इंजिनेर. तिकडं धाडाचं हाय."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण मी समोरासमोर बोलणारा नाही, वडलांशीही कधी बोललो नाही. ते गेल्यावर वीज आली तेव्हा मी त्यांचं खातं उघडलं आणि त्या बाईचा पत्ता अडवून टाकला. एक कळ दाबायची असते. मग त्या पत्त्यावरून येणारं सगळं परस्पर रद्दीच्या कप्प्यात पडतं आणि महिन्याने आपोआप पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी काकाजींना सांगितलं की स्कॅनर बिघडलाय. मला फार शहाण्यासारखं वाटत होतं.

ते रोज येत राहिले. "काही हाय?" नाही. गोळ्या, घड्याळं, पदव्या. त्यांना ते आता उत्तर देईनात. बोटं मांडीवर पडून राहत. मी पुसू का म्हटलं तर "पुस" म्हणत. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तिकडचा पेपर पाह्यता येते काय याच्यात?" मी शोधून एक पेपर उघडला. भाषा मलाही येत नव्हती. "राहू दे भाषा. फोटू असतीन ते दाखव." मी पानामागून पान उघडत गेलो. प्रत्येक फोटोजवळ तोंड नेऊन ते बघत होते. कोणाचा फोटो हवा म्हणून विचारलं तर "असाच" म्हणाले.

नंतर ते आलेच नाहीत. दोन आठवडे दुपारी वीज जात होती, येत होती, आणि ती खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, फसवणूक टळली, म्हातारा चार दिवस रुसेल आणि विसरेल. पण वीज गेली की माझी झोप लागेना.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. काकाजी होते. पांढरी दाढी चांगलीच वाढली होती. इतका नीटनेटका माणूस तसा पाहून मला वाटलं आजारी होते. ते खुर्चीत बसले नाहीत. पिशवीतून ते पासबुक काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"चिठ्ठ्या बंद झाल्या," म्हणाले. "पत्ता असन ना त्याच्या घरचा, कोठंतरी लिहिला? हे साध्या टपालानं धाड. घरच्यायच्या कामी येईन."

मी रबर काढलं. पासबुक जुनं, बंद पडलेल्या खात्याचं होतं. प्रत्येक पानात पऱ्हाटीचं एकेक वाळवलेलं पान ठेवलं होतं. कडेने लाल, मधून लाल, शिरांपाशी हिरवं राहिलेलं. खाली शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, हे तुडतुड्याचं, हे भुकेलेल्या जमिनीचं, हे नुसत्या थंडीचं, याला काही करू नये.

"काकाजी," मी म्हटलं, "तो फसवणारा होता."

"व्हता ना. पयल्याच चिठ्ठीले कवडी म्हनलं मी. विधवा नाही, पेट्या नाही, काही नाही. पन त्याच्या बापाची पऱ्हाटी खरी व्हती. ते खोटं सांगता येत नाही कोनाले. त्यानं बाईचं सोंग घेतलं, मंग आपुन बाई म्हनाचं. त्याची पत चारचौघात काहून काढाची?"

मी संगणक चालू केला आणि त्यांच्यासमोर रद्दीचा कप्पा उघडला. गोळ्यांच्या आणि पदव्यांच्या ढिगात त्या पत्त्यावरून आलेले चार मेल होते. पहिल्यात पेट्या होत्या. दुसऱ्यात नव्हत्या. तिसऱ्यात लिहिलं होतं की सांगितल्याप्रमाणे पानं उलटी करून पाहिली, खाली तुडतुडे निघाले. चौथा दोनच दिवसांपूर्वीचा होता. मी तो मराठीत सांगताना अडखळत होतो. "माझे वडील रोज विचारतात, भारतातल्या त्या म्हाताऱ्यांचं पत्र आलं का. ते जिवंत आहेत का? एवढंच कळवा. दुसरं काही नको."

काकाजी खुर्चीत बसले.

"पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "बाप पुसून राह्यला म्हने?"

"हो. रोज विचारतात."

"लिह. म्हना, चिठ्ठी पोचली."

मी लिहू लागलो. ते वाक्य लिहून झालं तरी माझे हात थांबेनात. मी खाली लिहीत गेलो की यांना तुमच्या चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत, त्या मी अडवल्या, चूक माझी आहे.

"येवढं लांबलचक काय लिहून राह्यला?"

मी सांगितलं. कळ कशी दाबली, स्कॅनर कसा बिघडलाच नव्हता, सगळं. मान वर करून बघायची मला हिंमत नव्हती. ते ओरडतील, निघून जातील, असं वाटत होतं आणि दोन्ही मला चाललं असतं.

"मले वाटलं, बाप गेला त्याचा," काकाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "भाव नाही. पऱ्हाटीवर लाल्या. आनि एकाएकी घरातून बोलनं बंद. कापसाचा मानूस असा गप झाला म्हनजे काय समजाचं, इंजिनेर? पंधरा दिस झाले. घरात कोनाले सांगताबी येत नाही. कोन गेलं म्हनून सांगू? ज्याचं नाव मले मालूम नाही तो गेला?" त्यांनी गालावरून हात फिरवला. "गुपचूप पाळलं आपलं."

तेव्हा मला त्या दाढीचा अर्थ कळला. समुद्रापलीकडच्या एका अनोळखी शेतकऱ्याचं सुतक त्यांनी धरलं होतं, एकट्याने, सगळं घर जेवताना सोयाबीनच्या गोष्टी बोलत असताना. आणि ते माझ्यामुळे. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि त्यांच्याइतकं मोठं माणूसही मी दुसरं पाहिलं नाही.

"काय लिहू, काकाजी?"

"लिह, जित्ता हाय म्हना." ते उठले, धोतर सारखं केलं. "लिह, दोघंबी जित्ते हाय. पानं आज स्कॅन कर. बाकी आल्यावर सांगतो."

"कुठं चालले?"

"खाली," जिन्याकडे वळत ते म्हणाले. "न्हाव्याकडं. दाढी करून येतो."